कॉलेज फुटबॉल, टेलगेट आणि पोलिस: पकडतात तरी कुणाला?

शर्वरी_मिडवेस्ट
८ सप्टेंबर २०२५, २१:१०

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा मोसम सुरू झाला, त्यामुळे हा धागा.

भारतातल्या वाचकांसाठी आधी थोडं सांगते. इथे सामन्याच्या चार-पाच तास आधीपासून लोक स्टेडियमबाहेरच्या पार्किंगमध्ये गाड्या लावतात, डिकी उघडून तंबू ठोकतात, ग्रिल पेटवतात आणि खातपीत बसतात. हेच टेलगेट. पिण्याचं कायदेशीर वय देशभर २१. बॅचलर्सची बहुतेक मुलं त्याखालची. आणि लाल प्लास्टिकचा पेला जवळपास प्रत्येकाच्या हातात.

पोलिस नसतात असं नाही, ढिगाने असतात. घोळक्यातून फिरतात, हसतात, पोरांबरोबर फोटोही काढतात. मग मध्येच एखाद्याला बाजूला घेतात, ओळखपत्र मागतात आणि दंडाचा कागद हातात देतात. त्याच्या आजूबाजूच्या शंभर जणांना कोणी हात लावत नाही. ही निवड होते कशी?

प्रश्न घरचाच आहे. लेक १८ वर्षांची, इथेच जन्मलेली, यंदा पहिल्या वर्षाला. भाचा २३ वर्षांचा, पुण्याहून एमएसला आलाय, एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर. दोघं एकाच विद्यापीठात. दोघांना काय सांगू?

माझं मत विचाराल तर अर्धवट राबवलेला नियम हा नियम नसण्यापेक्षा वाईट. पोरं त्यातून एवढंच शिकतात की सापडायचं नाही.

---

टवाळ_नागपुरी
८ सप्टेंबर, २१:३२

ताई, सोपा उपाय आहे. दोघांनाही यूटी डॅलसला टाका. तिथे फुटबॉलचा संघच नाही. बुद्धिबळाचा आहे, तोही जबरदस्त. हत्तीच्या चालीवर बिअर पिऊन दंगा करणारा मी तरी पाहिला नाही बा.

---

कायदेशीर_काकू
८ सप्टेंबर, २२:०५

@शर्वरी, मी ओहायोत वकिली करते. खाली लिहितेय ती सर्वसाधारण माहिती आहे, सल्ला नव्हे.

पहिली गोष्ट, २१ हे वय केंद्राने थेट लादलेलं नाही. दारूबंदी १९३३ साली उठली तेव्हा दारूचे नियम राज्यांकडे गेले. १९७१ मध्ये मतदानाचं वय १८ झालं आणि त्या दशकात बऱ्याच राज्यांनी पिण्याचं वयही खाली आणलं. मग १९८४ साली रेगन यांनी सही केलेला कायदा आला: २१ च्या खालच्यांना दारू विकत घेऊ द्याल किंवा उघड बाळगू द्याल, तर महामार्गांच्या केंद्रीय निधीतले १० टक्के कापू. साउथ डकोटा कोर्टात गेलं आणि १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरलं. १९८८ पर्यंत सगळी राज्यं मुकाट २१ वर आली.

म्हणजे वय सगळीकडे एक, पण तपशील पन्नास प्रकारचे. विस्कॉन्सिन, टेक्सास, ओहायो इथे आईवडील सोबत असतील तर २१ च्या खालच्यालाही पिता येतं. मिशिगनमध्ये पहिल्यांदा सापडलात तर २०१८ पासून तो फौजदारी गुन्हा नाही, १०० डॉलरपर्यंतचा दिवाणी दंड आहे. शेजारच्या इंडियानात तीच गोष्ट 'क' वर्गाचा गुन्हा, कमाल शिक्षा ६० दिवस आणि ५०० डॉलर. पहिल्यांदा सापडलेल्याला तुरुंगात कोणी धाडत नाही, पण नोंद गुन्ह्याचीच. हद्द ओलांडली की पोराच्या हातातला तोच पेला वेगळा होतो.

निवडीबद्दल म्हणाल तर पोलिसाच्या हातात चार पर्याय असतात: दुर्लक्ष, 'ओतून टाक आणि नीघ', दंडाचा कागद, अटक. टेलगेटवर सगळ्यात जास्त वापरला जातो दुसरा. तो कुठल्याही आकडेवारीत दिसत नाही, म्हणून लोकांना वाटतं पोलिस एकतर काहीच करत नाहीत, नाहीतर थेट पकडतात.

---

सडेतोड_सदाशिव
८ सप्टेंबर, २२:४०

छान. म्हणजे कायदा आहे, पोलिस आहेत, गुन्हा डोळ्यासमोर घडतोय, आणि वकीलबाई सांगतायत की 'ओतून टाक' हा पर्याय आहे. मग सिग्नल तोडल्यावरही 'मागे घे आणि नीघ' म्हणा की.

---

हुकलेला_गोलंदाज
८ सप्टेंबर, २२:४४

सदाशिवराव आले. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

---

निवृत्त_फौजदार
९ सप्टेंबर, ०६:१५

नमस्कार. मुलाकडे मिशिगनला आलो आहे. झोपेचं गणित अजून बसलेलं नाही, म्हणून ही वेळ.

मध्यंतरी मुलाने ॲन आर्बरला, मिशिगन विद्यापीठाच्या सामन्याला नेलं. मैदान एक लाख सात हजार आसनांचं, आणि बाहेर जत्रा वेगळीच. लोकांनी घरासमोरची हिरवळ पार्किंगला भाड्याने दिलेली. मी सामना कमी आणि बंदोबस्त जास्त पाहिला. सवय जात नाही.

खात्यात असताना विसर्जनाचे बंदोबस्त खूप केले. मिरवणुकीत बरीच पोरं 'घेऊन' आलेली असतात हे शिपायापासून डीसीपीपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. दारूबंदी कायद्याचं कलम ८५ लावता येतं. पण एकाला धरलं की दोन शिपाई त्याच्यामागे गेले. गाडी, मेडिकल, स्टेशन डायरी, मग त्याचे मंडळवाले चौकीवर. तेवढ्यात पुढच्या चौकात ढकलाढकली झाली तर तिथे कोण? बंदोबस्तावरचा पोलिस गुन्हे दाखल करत बसला तर बंदोबस्त कोण करणार?

इथेही तेच दिसलं. जोडीजोडीने उभे, सायकलवाले वेगळे, रस्ता ओलांडण्याच्या जागी जास्त. त्यांची नजर पोरांच्या हाताकडे नव्हती, पायांकडे होती. ज्याचा पाय लटपटतो त्याला बाजूला घेत होते. त्यात २१ च्या वरचा एक टक्कल पडलेला गृहस्थही होता.

सदाशिवराव, सिग्नल तोडणारा एक असतो. इथे सिग्नल तोडणारे चाळीस हजार आहेत आणि चौक एकच.

---

सडेतोड_सदाशिव
९ सप्टेंबर, ०८:०२

साहेब, तुमच्या अनुभवाचा आदर आहे. पण चाळीस हजार जण तोडतात म्हणून सिग्नल काढून टाकत नाहीत, की तोडणाऱ्यांतला एक पसंतीने निवडत नाहीत. तो एक कोण, यावर माझा आक्षेप आहे. ज्याचा बाप देणगीदार आहे, ज्याचा तंबू पुढच्या रांगेत आहे, त्याच्याकडे सायकलवाला जातो का हो?

---

अर्धी_मराठी
९ सप्टेंबर, ०९:२०

माझं मराठी आईमुळे चांगलं आहे, चुका झाल्या तर सांभाळून घ्या. मी २० वर्षांची आहे, तिसऱ्या वर्षाला, बिग टेन या विद्यापीठांच्या क्रीडागटातल्या एका विद्यापीठात.

सदाशिवकाका, तुमचा मुद्दा बरोबर आहे. टेलगेटचे दोन भाग असतात. एक माजी विद्यार्थ्यांचा: महागडे पार्किंग पास, मोठ्या आरव्ही, टीव्ही लावलेले, पन्नाशीचे काका सकाळी ८ पासून पितात. तिथे पोलिस जातात ते ब्राटवर्स्ट सॉसेज खायला. दुसरा आमचा: फ्रॅटर्निटीची (मुलांच्या क्लबांच्या घरांची) अंगणं आणि मागच्या बाजूची मोकळी जागा. कागद फाटतात ते आमच्याकडे. आमच्यात २१ च्या खालचे जास्त हेही खरं, पण रस्त्यावर उलटी करणारे काकाही मी पाहिलेत आणि त्यांना कोणी ओळखपत्र विचारलं नाही.

मुलं कशी सापडतात तेही सांगते. अंगणात उभं राहून पेल्यातून पिणारा सहसा सापडत नाही. सापडतो तो उघडा कॅन हातात घेऊन रस्ता ओलांडणारा. दोन गाड्यांच्या मध्ये लघवीला उभा राहिलेला. पाठीवर बिअरच्या ३० कॅनचं खोकं घेऊन चाललेला पहिल्या वर्षाचा मुलगा. आणि पोलिसाशी वाद घालणारा. शेवटचा नक्की सापडतो.

आणि गणवेशातले पोलिस म्हणजे सगळे नव्हेत. इंडियानात राज्याचे एक्साइज, म्हणजे दारू खात्याचे पोलिस साध्या कपड्यांत, संघाचा टीशर्ट घालून फिरतात. ते लोकांचे पाय बघत नाहीत, वय बघतात. त्यांचं कामच ते आहे.

---

कायदेशीर_काकू
९ सप्टेंबर, १०:११

@अर्धी_मराठी, मराठी उत्तम आहे. आणि शेवटचा परिच्छेद सगळ्यांनी पुन्हा वाचावा.

एका मैदानाभोवती पोलिस पाच प्रकारचे असतात: विद्यापीठाचे, शहराचे, काउंटीच्या शेरीफचे, राज्याचे आणि राज्याच्या दारू खात्याचे. विद्यापीठाचे पोलिस म्हणजे कॉलेजच्या गेटवरचा वॉचमन समजू नका. बहुतेक ठिकाणी ते बंदूक आणि अटकेचा अधिकार असलेले पूर्ण पोलिस असतात. फौजदारसाहेबांनी पाहिले ते गर्दी सांभाळणारे. दारू खात्याच्या माणसांवर गर्दीची जबाबदारी नसते, त्यामुळे त्यांचा हिशोब वेगळा. शर्वरीच्या 'निवड होते कशी'चं निम्मं उत्तर मला यात दिसतं: तुम्ही कुठल्या खात्याच्या माणसासमोर आलात.

---

चहाबाज
९ सप्टेंबर, १०:३०

साध्या वेशातल्यांवरून आठवलं. व्हर्जिनियात शार्लट्सव्हिलला २०१३ साली एक विशीची विद्यार्थिनी दुकानातून फसफसतं पाणी, आइस्क्रीम आणि कुकीचं पीठ घेऊन निघाली होती. राज्याच्या दारू खात्याच्या साध्या वेशातल्या लोकांना पाण्याचा खोका बिअरचा वाटला. त्यांनी गाडीला गराडा घातला, एकाने बंदूक काढली. हे कोण गुंड म्हणून पोरी घाबरून गाडी घेऊन पळाल्या. तिला रात्र कोठडीत काढावी लागली, वर पोलिसांवर हल्ल्याचा आरोप. पुढे आरोप मागे घेतले आणि २०१४ मध्ये राज्याने तडजोडीपोटी तिला २,१२,५०० डॉलर मोजले.

हे टेलगेट नव्हतं, मान्य. पण 'त्यांचं कामच वय बघणं' हे वाक्य वाचल्यावर राहवलं नाही.

---

टवाळ_नागपुरी
९ सप्टेंबर, १०:४१

पाण्याचे दोन लाख डॉलर? बिसलेरी घेऊन निघतोच मी.

---

गोंयचो_पाव
९ सप्टेंबर, ११:१५

आमच्याकडे गोव्यात दुकानं कोपऱ्याकोपऱ्यावर. तरी २०१९ साली समुद्रकिनाऱ्यावर उघड्यावर पिण्याला दंड लावावाच लागला: एकट्याला २,००० रुपये, टोळक्याला १०,०००. कारण वय नव्हतं, वाळूतल्या फुटक्या बाटल्या होत्या. मला वाटतं अमेरिकेने उगाच वयाच्या मागे लागून मूळ गोष्ट हुकवलीय. कोण पितो यापेक्षा पिऊन काय करतो ते बघा.

---

हुकलेला_गोलंदाज
९ सप्टेंबर, ११:३८

अवांतर: महाराष्ट्रात तर बिअर-वाइनला २१, बाकी दारूला २५, आणि वर परवाना! ५ रुपयांचा एक दिवसाचा, १०० चा वर्षाचा, १,००० चा आजन्म. या धाग्यावरच्या किती जणांकडे आहे, हात वर करा.

---

टवाळ_नागपुरी
९ सप्टेंबर, ११:४०

हात खाली आहे, पेला वर आहे.

---

सडेतोड_सदाशिव
९ सप्टेंबर, ११:५५

माझ्याकडे आजन्म परवाना आहे.

---

हुकलेला_गोलंदाज
९ सप्टेंबर, ११:५७

दंडवत. मला खात्री होतीच.

---

निवृत्त_फौजदार
९ सप्टेंबर, १४:२०

परवान्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. कोणीही न पाळलेला नियम पोलिसाच्या खिशात पडून असतो. एरवी त्याची आठवण होत नाही. पण समोरचा माणूस उर्मट बोलला, किंवा वरून कोणाचा फोन आला, की तो खिशातून निघतो. मी हे होताना पाहिलेलं आहे. शर्वरीताई म्हणतात ते त्या अर्थाने पटतं. सवलत देणं वाईट नाही. सवलत कुणाला दिली हे कोणी विचारत नाही, ते वाईट.

---

शर्वरी_मिडवेस्ट
९ सप्टेंबर, १९:४५

धाग्याने चांगला वेग घेतलाय, आभार. @निवृत्त_फौजदार काका, माझ्या मनातलं तुम्ही माझ्यापेक्षा नीट मांडलंत.

@गोंयचो_पाव, 'पिऊन काय करतो ते बघा' ऐकायला बरं वाटतं. पण १८ वर्षांची पोरं तीन तासांत काय पितात हे पाहिल्यावर मत डळमळतं. बिअरच्या कॅनला खाली भोक पाडून एका दमात रिकामा करायचा, असे चार-पाच. वाईट वागायच्या आधीच आडवी होतात. तिथे पोलिस नाही, रुग्णवाहिका लागते.

---

बोरीबंदर_ते_बोस्टन
९ सप्टेंबर, २०:३०

पोलिसांवर एवढी चर्चा झाली, पण नियम करतं कोण? विद्यापीठ. आणि विद्यापीठाला बऱ्याचदा जाग येते ती काहीतरी घडल्यावर. नोव्हेंबर २०११ मध्ये हार्वर्ड-येल सामन्याआधी येलच्या मैदानाबाहेर बिअरची पिंपं घेऊन येणारा भाड्याचा ट्रक गर्दीत घुसला. एक बाई गेली, दोघी जखमी झाल्या. चालवणारा विद्यार्थी प्यायलेला नव्हता. पुढच्या जानेवारीत येलने टेलगेटवर पिंपं बंद केली, मोठे ट्रक बंद केले आणि सामना सुरू झाला की टेलगेट संपलं पाहिजे असा नियम केला.

मला यातला शेवटचा नियम महत्त्वाचा वाटतो. सामना चालू असताना बाहेर राहणाऱ्यांना खेळाशी देणंघेणं नसतं, ते प्यायलाच थांबलेले असतात. वेळ ठरवून दिली की पोलिसाला एकेकाचं वय विचारत फिरावं लागत नाही. शिट्टी वाजवली, सगळे उठा. देणगीदारही उठला, पोरगंही उठलं. सदाशिवरावांचा आक्षेप तिथल्या तिथे मिटतो.

---

सडेतोड_सदाशिव
९ सप्टेंबर, २०:४२

हे पटलं.

---

हुकलेला_गोलंदाज
९ सप्टेंबर, २०:४३

स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

---

ओक्लाहोमाचा_ओक
९ सप्टेंबर, २१:२५

वेळेवरून आणखी एक. सामना संध्याकाळी साडेसातचा असेल तर पोरं सकाळी दहाला सुरू करतात. पोलिसांना विचारा, त्यांना दुपारी बाराचाच हवा असतो. पण वेळ टीव्हीवाले ठरवतात. पोलिसांच्या जादा तासांचं कारण तिथे आहे.

बाहेरचं कमी करायला आत विका असाही एक विचार आहे. वेस्ट व्हर्जिनियाने २०११ साली स्टेडियमात बिअर विकायला सुरुवात केली आणि त्याच वेळी मध्यंतरात बाहेर जाऊन परत यायची मुभा काढून टाकली. आधी लोक मध्यंतरात गाडीपाशी जाऊन वीस मिनिटांत भसाभसा पिऊन परत यायचे. पुढच्या हंगामांत सामन्याच्या दिवशीच्या पोलिसी घटना कमी झाल्याचं विद्यापीठाने सांगितलं. मग रांग लागली. ओहायो स्टेटने २०१६ मध्ये मैदानभर विक्री सुरू केली, दक्षिणेतल्या विद्यापीठांच्या एसईसी या क्रीडागटाने २०१९ मध्ये बंदी उठवली, मिशिगनला २०२३ मध्ये राज्याचा कायदा बदलल्यावर २०२४ पासून मिळाली.

---

अर्धी_मराठी
९ सप्टेंबर, २२:०८

@ओक्लाहोमाचा_ओक, यातला अर्धा भाग पैशाचा आहे. आतला कॅन इतका महाग असतो की विद्यार्थी आधी बाहेरच पिऊन येतात. आत विकल्याचा फायदा काकांना झाला. आमच्या रांगेत काही बदललं नाही.

विस्कॉन्सिनची पद्धत मला आवडते. फार पिऊन गोंधळ घातल्याबद्दल मैदानाबाहेर काढलं गेलेलं पोरगं पुढच्या सामन्याला आलं की दारावर श्वास तपासायच्या यंत्रात फुंकून दाखवायचं. आकडा शून्य असेल तर आत, नाहीतर घरी. दंडापेक्षा याचीच भीती जास्त. दंड भरायला आईबाबा असतात, पण मित्रांसमोर दारावरून परत फिरायचं म्हणजे...

---

चहाबाज
९ सप्टेंबर, २२:३०

आणि ते फुंकणं रस्त्यात कुणालाही लावता येत नाही हेही मुलांना माहीत असावं. मिशिगनमध्ये रस्त्याने चाललेल्या २१ च्या खालच्यांना पोलिस वॉरंटशिवाय फुंकायला लावायचे, नकार दिला तर दंड. २००७ मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. गाडी चालवत असाल तर गोष्ट पूर्ण वेगळी.

---

एमएस_वाला_मन्या
९ सप्टेंबर, २३:५०

शर्वरीताई, भाच्याच्या वयाचा आहे, म्हणून लिहितो. एफ-१ वाल्याला टेलगेटवर पिणं ही अडचण नाही, वय २१ च्या वर आहे. अडचणी तीन.

गाडी. दारू पिऊन चालवताना अटक झाली की निकाल लागायच्या आधीच परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं. व्हिसा रद्द म्हणजे लगेच देश सोडा असं नाही, पण एकदा बाहेर गेलात की नवीन व्हिसासाठी पुन्हा रांगेत. यंदा वसंतात तर हजारो मुलांच्या विद्यार्थी नोंदीच सरकारने बंद केल्या, कित्येकांचं कारण किरकोळ वाहतूक दंड किंवा निकाली निघालेली प्रकरणं. मुलं कोर्टात गेली, एप्रिलअखेर नोंदी परत सुरू झाल्या. मधल्या काळात काय अवस्था होती हे आमच्या ग्रुपवाल्यांना विचारा. ऑगस्टमध्ये परराष्ट्र खात्याने यंदा सहा हजारांहून जास्त विद्यार्थी व्हिसा रद्द केल्याचं सांगितलं, त्या कारणांत दारू पिऊन गाडी चालवणं आहेच.

दुसरी अडचण, आणि ही कोणी सांगत नाही: लहानांना आणून देणं. मेसमध्ये, लॅबमध्ये १९ वर्षांचा मित्र असतो. 'भावा, तुझं वय आहे, येताना एक खोकं आण ना.' आपल्याला वाटतं उपकार. बहुतेक राज्यांत हा आणून देणाऱ्याचा गुन्हा, आणि पिणाऱ्यापेक्षा जड.

तिसरी, फॉर्म. व्हिसाच्या डीएस-१६० वर विचारतात की कधी अटक झाली होती का. शिक्षा झाली का एवढंच विचारत नाहीत.

अर्धी_मराठीला १०० डॉलरचा दंड म्हणजे आईची बोलणी. आम्हाला तोच कागद म्हणजे एक वकील, एक ईमेल आणि झोप नाही.

---

सडेतोड_सदाशिव
१० सप्टेंबर, ०७:३०

@मन्या, आधीच्या प्रतिसादांपेक्षा हा जास्त उपयोगी. माझा मुद्दाही तोच: शिक्षा एक, वजन वेगळं. मग निवडही पोलिसाच्या मर्जीवर सोडायची?

---

आयोवाची_आत्या
१० सप्टेंबर, ०८:१०

आयोवात या दंडाला सगळे 'पॉला' म्हणतात, इंग्रजी कलमाची आद्याक्षरं. शनिवारी रात्री ग्रुपवर 'अमक्याला पॉला मिळाली' असं आलं की नवीन आयांना वाटतं पोराला मैत्रीण मिळाली. आनंदाने पेढे वाटणारी अजून भेटायची आहे.

---

कायदेशीर_काकू
१० सप्टेंबर, ०९:२५

😄 आत्या!

@शर्वरी, लेकीबद्दल दोन गोष्टी राहिल्या.

एक, जीव वाचवणारी. बऱ्याच राज्यांत कायदा आहे की मित्र बेशुद्ध झाला म्हणून ९११ या आपत्कालीन नंबरला फोन करणाऱ्या अल्पवयीनावर पिण्याबद्दल कारवाई होत नाही. इंडियानात तो २०१२ पासून आहे, मिशिगनमध्येही त्याच वर्षी आला. अट साधारण अशी की थांबायचं, खरं नाव सांगायचं, पोलिसांना मदत करायची. पोरं दंडाच्या भीतीने फोन करत नाहीत आणि मित्राला कुशीवर झोपवून निघून जातात. मृत्यू होतात ते तिथे. लेकीला बाकी काही सांगितलं नाहीत तरी चालेल, हे सांगा.

दोन, तुमच्यासाठी. १८ नंतर विद्यापीठ पालकांना काही कळवत नाही असा समज आहे. १९९८ च्या दुरुस्तीनंतर २१ च्या खालच्या विद्यार्थ्याने दारूचा नियम मोडला तर विद्यापीठ पालकांना कळवू शकतं. बंधनकारक नाही. तुमच्या विद्यापीठाचं धोरण काय आहे ते विद्यार्थी शिस्त कार्यालयाच्या पानावर मिळेल. पोलिसांचा दंड वेगळा आणि विद्यापीठाची कारवाई वेगळी. एकातून सुटलं म्हणजे दुसऱ्यातून सुटलं असं नाही.

---

गोंयचो_पाव
१० सप्टेंबर, १०:४०

पण मूळ वयावर कोणीच बोलेना. २००८ साली शंभरहून जास्त कॉलेज अध्यक्षांनी सह्या करून म्हटलं होतं की २१ वर पुन्हा विचार करा, पोरं लपून आणि घाईत पितात. मग काय झालं?

---

कायदेशीर_काकू
१० सप्टेंबर, ११:०२

काही झालं नाही. रस्ता अपघातात मुलं गमावलेल्या आयांच्या संघटनेने, मॅडने, कडाडून विरोध केला, आणि महामार्गाचा पैसा सोडायला कुठलंही राज्य तयार नाही. आणि खरं सांगू, त्या आयांचं म्हणणं मला अध्यक्षांपेक्षा जड वाटतं. वय खाली आणलं तर टेलगेटवरचा पोलिसांचा त्रास कमी होईल, पण रविवारी पहाटे हायवेवरचा वाढेल. यावर तुमचं-माझं जमणार नाही.

---

गोंयचो_पाव
१० सप्टेंबर, ११:१०

नाहीच जमणार. पण गोव्याला आलात तर जेवायला या, सगळ्यांना बोलावणं आहे.

---

शर्वरी_मिडवेस्ट
१० सप्टेंबर, २०:१५

काल रात्री दोघांना व्हिडिओ कॉलवर घेतलं. भाच्याला मन्याचा प्रतिसाद वाचून दाखवला. 'खोकं आणून देणं' ऐकल्यावर तो गप्प झाला, तेव्हा काय समजायचं ते मी समजले. लेकीला ९११ चं सांगितलं. तिला ते आधीच माहीत होतं, प्रवेशाच्या आठवड्यात सांगितलं होतं म्हणे. पेल्याबद्दल मी काही बोलले नाही. बोलले असते तर तिने 'हो आई' म्हटलं असतं, त्याचा मला काय उपयोग?

माझं मूळ मत मात्र तसंच आहे. बोस्टनकरांनी सांगितलेली येलची पद्धत आमच्या विद्यापीठाने उचलावी म्हणून पालक समितीला लिहिणार आहे. कुणाकडे असं पत्र आधी लिहिलेलं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

बोरीबंदर_ते_बोस्टन
१० सप्टेंबर, २०:५०

व्यनि केला आहे. पत्रात 'विद्यार्थी' शब्द कमी वापरा आणि 'सर्व पार्किंग, पासधारकांसह' हे पहिल्याच ओळीत घाला. नाहीतर नियम होतो तो फक्त पोरांच्या अंगणापुरता.

---

निवृत्त_फौजदार
१० सप्टेंबर, २१:०५

पुढच्या शनिवारी पुन्हा जातोय. सूनबाई वडापाव करून नेणार आहे. मैदानात पारदर्शक पिशवीच लागते असं मुलगा म्हणतो. त्यात चटणीचा डबा चालतो का?

---

अर्धी_मराठी
१० सप्टेंबर, २१:२२

काका, बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, गाडीपाशीच संपवा. आणि तुमचा तंबू कुठल्या बाजूला आहे?